आखाजीला सुट्टी घेणारे विश्वकिरण

आमच्या खानदेशात माणसाला नाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. एसटीत शेजारी बसलेला माणूस तिकीट काढायच्या आत "कोणतं गाव?" म्हणून मोकळा होतो. तुम्ही "धुळे" म्हणालात तर त्याचं समाधान होत नाही. "धुळे राहायला हो, पण मूळ गाव?" मूळ गाव कळलं की कूळ कळतं, कूळ कळलं की सोयरीक निघते, आणि पारोळा येईपर्यंत तुम्ही त्याचे लांबचे साडू ठरलेले असता.

अशा मुलखात माझी सगळी नोकरी अशा पाहुण्यांची मोजदाद करण्यात गेली, की ज्यांचं मूळ गाव कुणालाच धड ठाऊक नाही. मी धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि विभागाच्या गच्चीवर विश्वकिरण मोजत होतो. शिकवण्याचा पगार मिळायचा, मोजण्याबद्दल टोमणे मिळायचे. दोन्ही वेळेवर मिळायचे, तक्रार नाही.

विश्वकिरण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं प्रकरण त्यावाचून कळायचं नाही. अवकाशातून अतिवेगवान कण सतत पृथ्वीकडे येत असतात. ते वरच्या हवेवर आदळतात, त्यातून नवे कण तयार होतात, आणि त्यांतले म्यूऑन नावाचे चिवट कण छपरं-स्लॅब भेदून आपल्यापर्यंत पोचतात. हा अंक तुम्ही हातात धरलाय ना, त्या तुमच्या पंजातून दर सेकंदाला असा एखादा कण आरपार जातोय. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कुणी कौतुकही करत नाही.

मोजायचं यंत्र साधं होतं. काळ्या कागदात गुंडाळलेल्या खास प्लास्टिकच्या दोन पाट्या, एक वर, एक खाली, मध्ये हातभर अंतर. कण गेला की पाटी आतल्या आत क्षणभर चमकते. दोन्ही पाट्या एकदम चमकल्या तर वरून कुणीतरी सरळ येऊन गेलं असं धरायचं आणि आकडा एकनं वाढवायचा. बहुतेक कण डोक्यावरून येतात, तिरपे कमी येतात. म्हणून ही जोडी सरळ उभी पाहिजे. कलली की आकडा घसरतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, माझ्या तेव्हा ते लक्षात राहिलं नाही.

यंत्र बघायला माणसं यायची. आमचं घर मूळचं यावलचं, तिथला माझा चुलतभाऊ केळीवाला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे केळीच्या घडावर पण पडता का?"

"पडतात."

"मग वरून जाळी टाकू का?"

"जाळीतून जातात. पत्र्यातूनही जातात."

"मग तू त्यांचं काय करतो?"

"मोजतो."

त्यानं माझ्याकडे काही पाहिलं नाही. माझी बायको मंगला चहा घेऊन आली होती, तिच्याकडे मात्र फार सहानुभूतीनं पाहिलं.

दुसरे नाना. वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जन्म घालवून निवृत्त झालेले आणि मुलाकडे धुळ्याला राहायला आलेले. मी त्यांना सांगितलं, की आपल्या आकाशगंगेत मोठा तारा मरताना फुटतो, आणि अशा स्फोटांतूनच बरेचसे विश्वकिरण येत असावेत. नानांना आपल्या खात्यातलं काहीतरी सापडल्यासारखं झालं. ते म्हणाले, "सर, स्फोटाचा तुकडा जसा लांब जातो तसा मंदावतो. तुमचे हे इतक्या लांबून येऊन इतके जोरात कसे?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "नाना, हा जोर नुसत्या स्फोटाचा नाही. फुटलेल्या ताऱ्याभोवती धक्क्याची एक भिंत बाहेर पसरत जाते. तिच्या अलीकडे-पलीकडे चुंबकाची जाळी असतात. कण भिंतीच्या पलीकडे गेला की तिकडची जाळी त्याला परत पाठवतात, अलीकडे आला की इकडची. दर फेरीला थोडा वेग वाढतो. आखाजीच्या झोक्याला दोन्हीकडून पोरी धक्का देतात ना, तसं. झोका शेवटी इतका चढतो की वरचा माणूस सुटूनच जातो."

"मग आला त्या दिशेनं उलटी रेघ मारा आणि सांगा कोणत्या ताऱ्यातून आला."

"तीच तर पंचाईत. कणावर विजेचा भार असतो. आकाशगंगेत सगळीकडे चुंबकत्व पसरलंय. लाखो वर्षं त्यातून वळत, भरकटत तो आपल्याकडे पोचतो. कुठून निघाला त्याचा आणि कुठून आला त्याचा संबंधच राहत नाही."

नाना म्हणाले, "आपले लोक सुरतेला गेले तरी श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंदांत परत येतात. याला कानबाई नाही." मी हे वाक्य पुढे कितीतरी व्याख्यानांत वापरलं, आणि दर वेळी नानांचं नाव सांगायचं राहून गेलं. आज सांगून टाकलं.

आता सुनीताची गोष्ट. सुनीता आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जितके तास शिकवाल तितक्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनला पुन्हा अर्ज. पारोळ्याजवळच्या गावाहून रोज एसटीनं यायची. नवरा शेती बघायचा, दोन मुलं, सासू. चाळिशीला आली होती. माझ्या हाताखाली तिचं पीएच.डी.चं काम चाललं होतं, आणि चाललं होतं म्हणजे रखडलं होतं. विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ दिली होती. आमच्या विभागात एक कायमची जागा निघणार होती, तीही बऱ्याच वर्षांनी. पदवी हातात असली तर तिला अर्ज करता येणार होता, नसली तर त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसणार होतं आणि सुनीता जन्मभर जूनचे अर्ज लिहीत राहणार होती. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो, एवढंच.

मुदत संपायच्या वर्षभर आधी मी यंत्रासाठी नवा उंच स्टँड करून घेतला. औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डरनं तो बनवला. वर ऊन-पावसासाठी जस्ताच्या पत्र्याचं झाकण, आणि कडेला एक चाक. चाक फिरवलं की झाकणासकट सगळी जोडी हवी तेवढी कलती व्हायची, उलटं फिरवलं की सरळ. गच्चीत तो उभा केला, खाली खोलीत केबल आणली, आणि सुनीताचे आकडे संगणकावर जमायला लागले.

पुढच्या मार्चच्या मध्यात ती कागद घेऊन आली. "सर, रोज दुपारी आकडा थोडा पडतोय. दोन-तीन तास. मग पुन्हा वर."

मी म्हणालो, "गरमीनं होत असेल." धुळ्यातला मार्च म्हणजे काय ते धुळ्यात राहिलेल्यालाच कळतं. पण तिनं तापमानाचा हिशेब मांडून दाखवला, गरमी सांगते त्यापेक्षा खड्डा खोल होता. आणि एप्रिल उजाडला तसा तो खड्डा सरकायला लागला. आधी तीनच्या सुमाराला पडायचा, मग दोनला, मग एकला.

इथं माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगतो. तारे रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी उगवतात. महिन्याला दोन तास होतात. जे काही रोज त्याच वेळी घडतं ते सूर्यामुळे किंवा आपल्या घरातल्या कटकटीमुळे घडतं. पण जे महिन्याला दोन तासांनी अलीकडे सरकतं ते ताऱ्यांच्या घड्याळानं चालतं. म्हणजे आकाशातला एखादा ठरावीक तुकडा असा आहे, की तो डोक्यावर आला की विश्वकिरण कमी येतात. म्हणजे ज्यांना गाव नाही असं सगळं जग म्हणतं, त्यांच्या गावाची दिशा धुळ्याच्या गच्चीवर सापडतेय. आमच्या टीचभर यंत्रानं एवढा मोठा खड्डा दाखवावा आणि जगातल्या मोठमोठ्या यंत्रांना तो दिसू नये, ही शंका यायला हवी होती. आलीसुद्धा. मी तिला बसायला खुर्ची दिली नाही.

सुनीतानं प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावर लिहायला घेतलं. मी पेढे आणले. मंगलानं विचारलं, "कशाचे?" मी म्हणालो, "आकाशगंगेचे." तिनं एक खाल्ला आणि म्हणाली, "खवा चांगला आहे."

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसतात. कॉलेजला सुट्टी. सुट्टीनंतर सुनीता आली ती दारातच उभी राहिली.

"सर, आखाजीच्या दिवशी खड्डा पडलाच नाही. आदल्या दिवशी आहे, नंतरच्या दिवसापासून पुन्हा आहे. आखाजीला सरळ रेघ."

"लाइट गेली असेल."

"नाही गेली. आकडे पूर्ण आहेत." ती खुर्चीत बसली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, आकाशगंगेला आखाजी कशी कळली?"

मी पुष्कळ काही बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यात अर्थ नव्हता. ती उठली आणि म्हणाली, "आता साडेबारा झालेत. खड्डा सुरू असेल. वर जाऊन बघू या."

मेमधल्या दुपारी धुळ्यात शहाणा माणूस गच्चीवर जात नाही. मी रोज सकाळी सातला एक फेरी मारायचो आणि यंत्र सरळ उभं बघून समाधानानं खाली यायचो. त्या दिवशी डोक्याला ओला पंचा गुंडाळून आम्ही जिना चढलो.

वर आमचं यंत्र कलतं उभं होतं. जस्ताच्या झाकणावर स्वच्छ जुनं धोतर अंथरलेलं होतं, त्याला कडेनं कपड्यांचे चिमटे लावले होते, आणि त्यावर ओळीनं बिबडे वाळत होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, लसूण-मिरची घातलेले, ताटाएवढे. पाण्याच्या टाकीच्या सावलीत अक्का काठी घेऊन कावळे राखत बसल्या होत्या. अक्का म्हणजे आमच्या हेडक्लार्कची आई. विभागाला लागूनच कॉलेजची वसाहत आहे, आम्हीही तिथंच राहायचो. तिथल्या बायकांच्या अक्का पुढारी. त्यांच्या शेजारी अर्धवट ओला बिबडा खात आमची मंगला बसली होती. मला बघून तिनं तो पदराआड केला.

"अक्का," मी म्हणालो, "हे यंत्र वाकडं कुणी केलं?"

"मी करं," अक्का म्हणाल्या. "मना हात कोठे पुरस तठे? म्हनीसन चाक फिराईसन जरासं वाकाडी लेतस. शिलाई मशीनना मायेकच चाक शे ते."

"पण मी रोज सकाळी बघतो तेव्हा सरळ असतं."

"जाताना रोज सरळ करी ठेवतस ना. तुमीच सांगेल व्हतं, मास्तर, यंत्र सरळ दिसाले पाहिजे म्हनीसन."

हे खरं होतं. स्टँड बसवला त्या दिवशी मी वसाहतीतल्या सगळ्या बायकांना बोलावून कडक शब्दांत तसं बजावलं होतं. त्यांनी ते पाळलं होतं.

सुनीतानं विचारलं, "अक्का, मार्चमध्ये तुम्ही उशिरा यायच्या का वर?"

"हा. तव्हय जेवनं व्हयनात का मंग येऊत. आते ऊन वाढनं, चुलीपुढे बसावत नही. सकायमाच आटपी लेतस. वाळतस बी लवकर."

म्हणजे ऊन वाढत गेलं तसा बिबड्यांचा घाट अलीकडे सरकत गेला, आणि ताऱ्यांच्या घड्याळाशी त्याची गाठ पडली. ही गाठ आमच्या चौथ्या प्रकरणाचा पाया होती.

"आणि आखाजीला?" मी विचारलं. उत्तर कळलं होतं, तरी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आखाजीले कोन बिबडा करस, मास्तर? पोरी माहेरले येल र्‍हातीस."

सुनीता कठड्याला टेकायला गेली आणि चटका बसला म्हणून परत सरळ उभी राहिली. त्या झाकणाकडे बघत ती म्हणाली, "सर, हे माझं चौथं प्रकरण वाळत घातलंय." ती हसत होती, पण मला तिच्याकडे बघवेना. मुदत पावसाळ्यात संपत होती.

त्या संध्याकाळी घरी मी मंगलावर ओरडायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "तुम्ही खड्ड्याचे पेढे वाटलेत, आम्ही खड्डा केला. एक पेढा मी खाल्लाय, तो परत देऊ?" मग भाजी निवडायला घेत म्हणाली, "तिची जागा जाईल का हो?" मी म्हणालो, "बहुतेक."

दुसऱ्या दिवशी मी सुनीताला म्हणालो, की मार्च ते मे हे महिने गाळून टाकू, यंत्राची दुरुस्ती चालली होती असं लिहू. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे स्थळाला खोटं गाव सांगितलं तर सोयरीक मोडते. या किरणांचं गाव सापडलं नाही असं मी लिहीन. भलतं गाव नाही लिहिणार."

मग तिनं जे काम केलं, तसं मी स्वतः कधी केलं नाही. तिनं अक्कांना विचारून घेतलं, बिबडे संपल्यावरही रोज त्यांना वर बोलावलं, त्यांच्याकडून स्टँड नेहमीसारखा कलता करून घेतला आणि आकडे घेतले. खड्डा तसाच्या तसा आला. तेवढा खड्डा तिनं उन्हाळ्याच्या आकड्यांत भरून काढला. आणखी एक केलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून वर्षभराचे सण आकड्यांपुढे लावले. पोळा, कानबाई, दिवाळी, संक्रांत. जो फरक सणाला सुट्टी घेतो तो आकाशातला नव्हे, आपल्या वसाहतीतला, हा तिचा नियम. त्यात कुरडयांचा एक लहान खड्डा आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या मांडववाल्याचा एक मोठा खड्डा सापडला. सगळं निपटून शेवटी रेघ सरळ आली. आमच्या यंत्राच्या ताकदीपुरतं बोलायचं तर किरण सगळीकडून सारखेच येत होते. गाव सांगत नव्हते.

प्रबंध शेवटच्या आठवड्यात गेला. इंग्रजीत बिबड्याला काय म्हणायचं यावर आमचा एक दिवस गेला, शेवटी बिबडाच म्हटलं.

तोंडी परीक्षा हिवाळ्यात, आमच्याच विभागात झाली. तोवर जागेची जाहिरात निघाली होती आणि अर्जाची तारीख तोंडावर आली होती. बाहेरचे परीक्षक पुण्याचे, फार नावाजलेले आणि तितकेच तिरसट. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि हसले नाहीत. म्हणाले, "एक बाई रोज हातानं स्टँड वाकवते. रोज तितकाच वाकवते हे तुम्ही गृहीत धरलंय. एक दिवस जास्त, एक दिवस कमी वाकवला तर तुमची दुरुस्ती कोसळते. हे मी कसं मान्य करू?"

आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. सुनीता म्हणाली, "सर, त्या बाई शेजारीच राहतात. मोजून बघा."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. अक्का नवं लुगडं नेसून आल्या. परीक्षकांनी कोन मोजायचं साधन स्टँडला लावलं आणि म्हणाले, "नेहमीसारखं करा." अक्कांनी एक हात वर धरला, दुसऱ्यानं चाक फिरवलं, कड हाताला लागली तिथं थांबल्या. परीक्षकांनी आकडा वाचला, स्टँड सरळ करायला लावला, पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तोच आकडा. मग त्यांनी अक्कांना मुद्दाम बोलण्यात गुंतवलं आणि तिसऱ्यांदा करून घेतलं. काटा तिथंच. त्यात अक्कांची विद्या काही नव्हती. त्यांची उंची रोज तेवढीच होती आणि हात तेवढाच पुरत होता.

परीक्षक काट्याकडे बघत राहिले. तेवढ्यात अक्कांनी आपला प्रश्न विचारून घेतला. "तुमनं गाव कोनतं, भाऊ?"

"पुणे."

"पुनामा तं बठ्ठाच र्‍हातस. मूळ गाव?"

"आजोबा अमळनेरकडचे होते म्हणतात. मी कधी गेलो नाही."

"मंग आपलाच शेतस," अक्का म्हणाल्या, आणि पदराखालचा बिबड्यांचा पुडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. मग सुनीताकडे वळून म्हणाले, "थोडक्यात सांगा. विश्वकिरण कुठून येतात, याबद्दल तुम्हाला काय कळलं?"

"सर, कुठून येत नाहीत ते कळलं," सुनीता म्हणाली. "आणि आकडे मला कसे फसवू शकतात, ते कळलं."

"पुरे," ते म्हणाले. "खाली चला, सही करतो. अर्जाची तारीख कधी आहे तुमची?" बिबडे वाळत होते त्या दिवशी सुनीताच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नव्हता. तारीख मात्र तिनं डोळे पुसत सांगितली. मी टाकीकडे बघत उभा राहिलो.

ती पुढे गेली, परीक्षक मागोमाग, मी सगळ्यांच्या मागे. अक्कांनी जिन्याच्या तोंडाशी तिला गाठून विचारलं, "तुनं काम व्हयनं ना, माय?"

"व्हयनं, अक्का."

मग अक्का मागे वळल्या. यंत्र तसंच कलतं उभं होतं, आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. चाकावर हात ठेवून त्यांनी मला हाक मारली.

"मास्तर, आते सरळ करी ठेवू का?"